मोटरसायकलमागचं बिऱ्हाड: पॉप-अप कॅम्पर ट्रेलर निवडताना आणि जोडताना

मोटरसायकलला कॅम्पर ट्रेलर जोडायचा विचार बोलून दाखवला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, “इंजिन ओढेल का?” ओढेल. हजार-अठराशे सीसीच्या टूरिंग गाडीला दीड-दोनशे किलोंचं ओझं सपाट रस्त्यावर फारसं जाणवतही नाही. खरा प्रश्न थांबण्याचा आहे. उतारावर, ओल्या रस्त्यावर, समोर अचानक कोणी आडवं आलं तर मागचं ओझं घेऊन तुमची गाडी वेळेत आणि सरळ रेषेत थांबेल का? ट्रेलर कोणता घ्यायचा, त्यात काय भरायचं आणि ते कुठे ठेवायचं, याची उत्तरं या एकाच प्रश्नातून निघतात.

पॉप-अप कॅम्पर म्हणजे बंद असताना दोन चाकांवरची कमरेएवढी पेटी आणि उघडल्यावर चाकांवर उभा राहिलेला तंबू. पेटीचं झाकण बाजूला किंवा मागे उलगडतं, तेच पलंगाची फळी होतं आणि त्यावरचं कापड नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलं जातं. जमीन ओली असो की खडकाळ, अंथरूण तिच्यापासून दीड-दोन फूट वर असतं. बहुतेकांत उभं राहून कपडे बदलता येतात. दिवसभर गाडी चालवून कंबर धरलेल्या माणसाला हे सुख काय असतं ते जमिनीवर झोपलेल्यालाच कळतं. त्याची किंमत मात्र वजनात मोजावी लागते.

पहिली पायरी: कागद

ट्रेलर बघायला जाण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि ट्रेलरबद्दल काय लिहिलं आहे ते शोधा. बऱ्याच कंपन्या ट्रेलर जोडूच नका म्हणतात. अमेरिकेत ट्रेलर ओढताना सर्वांत जास्त दिसणारी गाडी होंडा गोल्डविंग, पण तिच्या मॅन्युअलमध्येही ही गाडी साइडकार किंवा ट्रेलरसाठी बनवलेली नाही असंच म्हटलेलं आहे. उलट कॅन-ॲम स्पायडर आरटी या तीनचाकीसाठी कंपनीने स्वतःच ट्रेलर काढला होता. मॅन्युअल नाही म्हणत असेल तर वॉरंटी आणि विमा या दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. विमा कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं “हो, चालेल” अपघातानंतर कामाला येत नाही.

मग कायदा. काही देशांत मोटरसायकलला ट्रेलर जोडायला परवानगीच नाही आणि जिथे आहे तिथले नियम एकमेकांशी जुळत नाहीत. ब्रिटनमध्ये गाडी १२५ सीसीच्या वर हवी, ट्रेलर १ मीटरपेक्षा रुंद नको आणि भरलेल्या ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांतलं जे कमी असेल त्याच्या आत हवं. फ्रान्समध्ये ही मर्यादा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यावर आहे. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटरसायकलला ताशी ६० किलोमीटरच्या वर जाता येत नाही, ऑटोबान या तिथल्या महामार्गांवरसुद्धा. म्हणजे अमेरिकेत सर्रास विकला जाणारा कॅम्पर ब्रिटनच्या मापात बसेलच असं नाही. तो भरल्यावर सहज १५० किलोंच्या पुढे जातो. तुम्ही राहता तिथला आणि ज्या भागातून जाणार तिथला, दोन्हीकडचा नियम वाहतूक खात्याकडून विचारून घ्या. नंबरप्लेट, नोंदणी, परवान्याचा प्रकार हे सगळं त्यातच येतं.

दुसरी पायरी: वजनाची बेरीज

इथे घाई करू नका. या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

गाडीच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये एकूण कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून पेट्रोल भरलेल्या गाडीचं वजन वजा केलं की गाडी किती भार उचलू शकते ते कळतं. समजा हा आकडा १९० किलो आला. हेल्मेट-जॅकेटसह दोघांचे १५० किलो गेले. उरले ४०. ट्रेलरचा दांडा हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, जो दाब देतो तो याच ४० किलोंत धरायचा असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दांड्याचे २० किलो आणि हिचच्या लोखंडी सांगाड्याचे ७-८ किलो काढले तर साइड बॉक्समध्ये ठेवायला जेमतेम १२ किलो राहतात. “ट्रेलर आहे ना, आता काहीही न्या” असं म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा कागदावर करून पाहावी.

आता ब्रेकचं गणित. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून ५६० किलो धरा. मागे १९० किलोंचा ट्रेलर. एकूण वजन एक तृतीयांशाने वाढलं, पण मोटरसायकलच्या टायरवर जास्तीचा दाब पडला तो फक्त दांड्याच्या २० किलोंचा. बहुतेक छोट्या कॅम्परना स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे सगळं थांबवण्याचं काम गाडीच्या दोन टायरांनाच करायचं आहे. टायर घसरण्याच्या सीमेवर ब्रेक दाबला तर थांबायला लागणारं अंतर या हिशोबाने तीस टक्क्यांच्या आसपास वाढतं. जिथे ४० मीटर लागायचे तिथे ५२. हे १२ मीटर म्हणजे रस्ता ओलांडणारा माणूस आणि तुमचं पुढचं चाक यांच्यातलं अंतर आहे.

म्हणून माझं मत ठाम आहे: नियम जास्तीची मुभा देत असला तरी भरलेला ट्रेलर गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आत ठेवा. गाडी २५० किलोंच्या आसपासची असेल तर पॉप-अप कॅम्परचा नाद सोडा. हलका सामानाचा ट्रेलर आणि चांगला तंबू यात तुमचं जास्त भलं आहे.

तिसरी पायरी: ट्रेलर पारखणं

मोटरसायकलसाठी बनवलेले पॉप-अप कॅम्पर रिकामे असताना साधारण १२५ ते २०० किलो भरतात. कॉम्पॅक्ट कॅम्प कंपनीचा मिनी-मेट, टाइम आउट आणि कॅनडातला ली-शुअर लाइट ही या प्रकारातली जुनी, जाणकारांत ओळखली जाणारी नावं. कारमागे लावायचे छोटे कॅम्पर स्वस्तात मिळतात, पण त्यांची चौकट जड असते आणि दांडा आखूड. ते मोटरसायकलला जोडू नका.

जाहिरातीत तंबू किती सेकंदांत उघडतो यावर भर असतो. तुम्ही दुसरंच विचारा: तंबू न उघडता आतल्या सामानापर्यंत हात पोचतो का? कित्येक कॅम्परमध्ये सामानाचा कप्पा घडी घातलेल्या तंबूच्या खाली असतो. वाटेत पाऊस आला, रेनकोट आत आहे आणि तो काढण्यासाठी रस्त्याच्या कडेला अख्खा तंबू उघडायचा, हा प्रकार एकदा झाला तरी पुरे. समोरून किंवा बाजूने वेगळं झाकण असलेला ट्रेलर मिळत असेल तर तोच घ्या.

विकणाऱ्याला बाजूला उभं करून ट्रेलर स्वतः एकट्याने उघडा आणि बंद करा. शेवटी कापड आत खोचून झाकण बसवणं हेच सगळ्यात किचकट काम असतं आणि दुकानात ते नेहमी दुसराच कोणीतरी करून दाखवतो. मग बूट काढून आत आडवे व्हा, जोडीदारासह. पाय पुरतात का बघा, रात्री एकाला उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं का बघा. डोक्याजवळ लोखंडी नळी येते का, तेही.

जुना ट्रेलर घेणं वाईट नाही, उलट पहिल्या खेपेला मी जुनाच सुचवीन. फक्त नाक आणि बोटं वापरा. झाकण उघडताक्षणी कुबट वास आला तर कापडात बुरशी आहे आणि ती धुऊन पुरती जात नाही. कापड उन्हाकडे धरून शिवणींतून उजेडाचे ठिपके दिसतात का पाहा. प्रत्येक झिप दोन्ही बाजूंनी चालवा. फळीच्या कोपऱ्यांवर अंगठा दाबा, लाकूड आत गेलं तर पाणी मुरलेलं आहे. खाली वाकून दांडा चौकटीला जिथे वेल्ड केलेला आहे तिथे केसासारखी चीर आहे का, टॉर्च मारून बघा. बाकी काहीही दुरुस्त होतं, पण या सांध्याला तडा असेल तर सौदा तिथेच थांबवा. आणि ट्रेलरचे कागद विकणाऱ्याच्या नावावर आहेत ना, चौकटीवर कोरलेला नंबर कागदाशी जुळतो ना, हे पैसे देण्याआधी.

चाकं आणि ॲक्सल

जुन्या आणि स्वस्त ट्रेलरना ८ इंची चाकं असतात. ती टाळा. कारण सरळ आहे: गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असताना ४.८०-८ मापाचं चाक मिनिटाला जवळपास १,३०० फेरे घेतं, तर ४.८०-१२ मापाचं साधारण १,०५०. जितके फेरे जास्त तितकी बेअरिंग तापतात आणि टायर झिजतो. शिवाय लहान चाक खड्ड्यात खोल जातं. १२ किंवा १३ इंची चाकं असलेला ट्रेलर थोडा महाग पडला तरी चालेल.

टायरवर एक चार आकडी तारीख असते. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, कारण ट्रेलर बराच काळ नुसता उभा असतो. नक्षी शाबूत दिसते, पण बाजूच्या भिंतीला बारीक भेगा असतात. पाच-सहा वर्षांपुढचे टायर न बघता बदला. त्यांच्यावर वेगाची मर्यादाही लिहिलेली असते: ‘एल’ असेल तर ताशी १२०, ‘एम’ असेल तर १३०. अमेरिकेतल्या ‘एसटी’ असा शिक्का असलेल्या, खास ट्रेलरसाठीच्या टायरवर असं काही लिहिलेलं नसेल तर ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, हीच सीमा धरतात.

स्टेपनी बरोबर घ्या. या मापाचा टायर वाटेतल्या कुठल्याही दुकानात मिळेल या भरवशावर निघू नका. बेअरिंगचा एक जोड, ग्रीसची छोटी नळी आणि चाकाच्या नटाला बसणारा पाना असं सगळं एका पिशवीत बांधून ठेवा.

पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) असलेला ॲक्सल दुरुस्तीला सोपा, रबराच्या पिळावर धक्के झेलणारा टॉर्शन ॲक्सल चालायला मऊ. हलक्या ट्रेलरला मला टॉर्शनच आवडतो, कारण रिकामा ट्रेलर पाट्यांवर उड्या मारतो आणि त्या उड्या हिचमधून थेट गाडीच्या सीटपर्यंत येतात.

चौथी पायरी: हिच

मोटरसायकल वळताना झुकते, ट्रेलर झुकत नाही. हा फरक सांधणारी एकच जागा आहे, ती म्हणजे कपलर: दांड्याच्या टोकाची वाटी, जी हिचवरच्या लोखंडी गोळ्यावर (बॉलवर) बसते. साधा बॉल-कपलर काही अंशांपर्यंत तिरका होतो आणि मग अडतो. अडला की ट्रेलर गाडीला झुकू देत नाही किंवा कपलर बॉलवरून सुटतो. म्हणून दांड्याच्या टोकाला स्विव्हल कपलर हवाच, म्हणजे स्वतःभोवती पूर्ण फिरणारा. गाडी एका कुशीवर पडली तरी ट्रेलर चाकांवर उभा राहतो, हा त्याचा दुसरा फायदा. या स्विव्हलला ग्रीसचा निपल असतो. प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी तिथे ग्रीस भरा आणि हाताने फिरवून बघा. तो अडखळत फिरत असेल तर तसाच रस्त्यावर नेऊ नका.

गाडीच्या बाजूचा हिच मुख्य चौकटीला बोल्ट केलेला असावा. नंबरप्लेटच्या पट्टीला किंवा सामानाच्या कॅरिअरला अडकवलेले जुगाड मी पाहिले आहेत आणि त्यांच्या मागून गाडी चालवायची माझी तयारी नाही. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला हिच घ्या, बोल्ट टॉर्क रेंचने कसा आणि पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बॉलचं माप कपलरशी जुळलंच पाहिजे. युरोपात ५० मिलिमीटरचा बॉल चालतो, अमेरिकेत हलक्या ट्रेलरना बहुधा १ पूर्णांक ७/८ इंची. हे दोन्ही दिसायला इतके सारखे आहेत की चुकीचा बॉलही बसल्यासारखा वाटतो. जोडल्यावर दांडा दोन्ही हातांनी वर खेचून पाहिल्याशिवाय निघायचं नाही.

दोन सेफ्टी चेन दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन अडकवा, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. कपलर सुटलाच तर दांडा या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. चेन इतकी सैल हवी की पूर्ण वळणात ताणली जाणार नाही आणि इतकी आखूड की जमिनीला घासणार नाही.

वायरिंग

ट्रेलरचे दिवे गाडीच्या मागच्या दिव्यांना नुसते जोडून टाकणं ही नेहमीची चूक आहे. जुन्या पद्धतीचा एक ब्रेकचा बल्ब २१ वॉट खातो, दोन असले की ४२. गाडीच्या बारीक वायरिंगवर हा भार नको. आजच्या कॅनबस गाड्या, म्हणजे ज्यांची वायरिंग संगणक सांभाळतो त्या, तर भार बदललेला ओळखून बिघाडाचा दिवा लावतात किंवा ते सर्किट बंदच करतात. त्यासाठी ट्रेलर आयसोलेटर नावाची छोटी पेटी मिळते. ती गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेते आणि वीज थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून उचलते. त्याच वेळी ट्रेलरचे दिवे एलईडी करून टाका.

अमेरिकी ट्रेलरमध्ये इंडिकेटर आणि ब्रेक एकाच दिव्यात असतात, मोटरसायकलवर वेगवेगळे. तशा जोडणीसाठी पाच तारांचं चार तारांत रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. आणि अर्थची तार स्वतंत्र ओढा, हिचच्या लोखंडावर अर्थसाठी विसंबू नका. बॉल आणि कपलरमध्ये ग्रीस असतं, त्यातून अर्थ कधी मिळतो, कधी नाही. ट्रेलरचे दिवे लुकलुकत असतील तर दहातल्या नऊ वेळा दोष अर्थचाच असतो.

पाचवी पायरी: सामान लावणं

ट्रेलर मागे शेपटासारखा डुलू लागण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे वजन मागे जाणं. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के दाब दांड्यावर हवा. १९० किलोंच्या ट्रेलरला १९. फार कमी झाला तर ट्रेलर डुलतो. फार जास्त झाला तर गाडीचं पुढचं चाक हलकं होतं, कारण हिच मागच्या चाकाच्याही मागे असतो. हिच मागच्या चाकापासून ६० सेंटिमीटर मागे आणि दोन चाकांतलं अंतर १७० असेल तर दांड्यावरचे २० किलो पुढच्या चाकावरून ७ किलो उचलतात आणि मागच्या चाकावर २७ टाकतात.

हे मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर प्रवासाला निघतो तसा पूर्ण भरा, सपाट जागी उभा करा, चाकांना अडकवण म्हणून ठोकळे लावा. काट्यावर लाकडी ठोकळा ठेवा, त्यावर कपलर टेकवा. कपलर जमिनीपासून नेमका हिचच्या बॉलच्या उंचीला आला पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. काट्यावर १२ दिसले की जड वस्तू पुढे सरकवा, २६ दिसले की मागे. एकूण वजनासाठी आधी एका चाकाखाली काटा आणि दुसऱ्याखाली तेवढ्याच उंचीची फळी, मग उलट. दोन्ही चाकं आणि दांडा यांची बेरीज म्हणजे ट्रेलरचं वजन. हे आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

एक उदाहरण जवळून पाहू. बऱ्याच ट्रेलरच्या दांड्यावर थंडपेटी ठेवायला चौकट असते. ॲक्सलपासून कपलर २०० सेंटिमीटर आणि थंडपेटी १५० सेंटिमीटरवर आहे असं धरा. बर्फ आणि पाण्याच्या बाटल्या भरून ती १४ किलोंची झाली तर दांड्यावरचा दाब साडेदहा किलोंनी वाढतो. आत नीट जुळवलेले १९ किलो आता साडेएकोणतीस झाले. उलट थंडपेटी भरलेली असताना जुळवणी केली आणि दुसऱ्या दिवशी बर्फाचं पाणी ओतून रिकामी पेटी घेऊन निघालात तर दाब एकदम घसरतो आणि ट्रेलर डुलायला लागतो. रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही वेळा मोजा. दोन्ही आकडे मर्यादेत बसत नसतील तर थंडपेटी आत, ॲक्सलच्या वर ठेवा.

बाकी नियम सोपा: जड ते खाली आणि ॲक्सलच्या जरा पुढे, हलकं ते वर आणि मागे. डावं-उजवं सारखं. पट्ट्याने बांधलेलं.

आत काय हवं

गादीपासून सुरुवात करा. ट्रेलरबरोबर येणारा फोम बहुधा पातळ असतो, त्यावर हलकी फुगवायची चटई टाकली तर काम होतं. गादीखाली हवा खेळू द्या. अंगाची ऊब आणि खालची थंड फळी यांमध्ये रात्रीत ओल धरते आणि बुरशी तिथूनच लागते. जाळीदार अंतरपट मिळतो, तो घाला.

विजेचा हिशोब प्रत्येकाने स्वतः करावा. २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळपास २५० वॉट-अवर देते आणि वजनाला तीन किलोंच्या आत-बाहेर असते. तेवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी दुप्पट जड आणि तिची निम्मीच वीज वापरायची असते. तीन वॉटचा दिवा पाच तास लावला तर १५ वॉट-अवर, दोन फोन चार्ज केले तर ३०, पाच वॉटचा पंखा आठ तास फिरला तर ४०. एका रात्रीचे ८५ झाले, म्हणजे ही बॅटरी जवळपास तीन रात्री पुरली. बारा व्होल्टचा फ्रिज घेतलात तर मात्र हा हिशोब पहिल्याच दिवशी कोलमडतो. मोटरसायकलच्या कॅम्परमध्ये फ्रिजला जागा नाही असं माझं मत आहे.

पाणी लिटरला एक किलो. मुक्कामी नळ असेल तर टाकी रिकामी न्या.

स्वयंपाकाची शेगडी बाहेर, नेहमी बाहेर. तंबूत शेगडी, कोळसा किंवा गॅस हीटर पेटवायचा नाही, “फक्त दोन मिनिटं”सुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छोटा असतो, तो पलंगाच्या उंचीवर टांगून ठेवा. थंडीत खिडक्या पूर्ण बंद करायचा मोह होतो, पण वरची आणि खालची एकेक फट उघडी ठेवा. नाहीतर सकाळी छतावरून थेंब गळतात आणि ट्रेलर फुटका आहे असं वाटतं. तो तुमच्याच श्वासाचा ओलावा असतो.

ट्रेलर सपाट आहे का ते बघायला छोटी लेव्हल, पायांखाली घालायला चार फळकुटं, खुंट्या आणि एक हातोडी. बाहेरचा ओटा म्हणून जोडायची खोली बऱ्याच कंपन्या देतात. एका रात्रीच्या मुक्कामाला ती घरी ठेवा, दोन-तीन रात्री एकाच जागी राहणार असाल तर न्या.

सहावी पायरी: चालवून बघणं

पहिल्या दिवशी मोकळं मैदान शोधा. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) वाढवा, मागच्या टायरमध्ये मॅन्युअलमधल्या पूर्ण भाराच्या आकड्याइतकी हवा भरा. मग हळू वळणं, आठाचा आकडा, २०-३० च्या वेगावरून थांबणं, मग ५० वरून. ट्रेलरची चाकं वळणात आतल्या बाजूने जातात, म्हणून कोपरा कापू नका. आणि रस्त्यावर आता तुमचे तीन मार्ग आहेत: गाडी मधून गेली तरी ट्रेलरची चाकं दोन्ही बाजूंनी जातात. खड्डा चुकवताना त्यांच्यासाठीही वाट ठेवावी लागते.

वळणात शिरायच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक शक्यतो नको. झुकलेल्या गाडीला मागून ढकललं जाणं हा ट्रेलरसह होणारा सर्वांत वाईट प्रसंग. उतारावर खालचा गिअर. पुढच्या वाहनापासूनचं अंतर नेहमीच्या दीडपट. वेग मी ८०-९० च्या पुढे नेत नाही: १०० वरून ८० वर आलात की थांबवायची ऊर्जा ३६ टक्क्यांनी कमी होते, आणि पोचायला थोडाच उशीर होतो.

ट्रेलर डुलू लागला तर जोरात ब्रेक दाबू नका, वेगही वाढवू नका. हँडल सैल पण स्थिर धरा, थ्रॉटल हळूहळू सोडा. थांबल्यावर सामान पुन्हा लावा. तसंच पुढे जाऊ नका.

उलटं जाण्याचा प्रयत्न करू नका. पेट्रोल पंपावर किंवा मुक्कामाच्या जागी शिरण्याआधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघा. अडकलातच तर ट्रेलर सोडवा, हाताने फिरवा, पुन्हा जोडा. सोडवताना आधी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे, मग पुढचा स्टँड, मग प्लग, शेवटी चेन आणि कपलर. जोडताना उलट क्रम.

रस्त्यात प्रत्येक थांब्यावर ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबवर (मधल्या, बेअरिंग असलेल्या भागावर) हाताची पाठ टेकवा. कोमट असणं ठीक आहे. हात ठेववत नसेल, किंवा एक गार आणि दुसरा तापलेला असेल, तर त्या बेअरिंगचं काम आलं आहे. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं.

पहिली रात्र, आणि परतल्यावर

नवा कॅनव्हास पहिल्या मुक्कामाआधी घरीच उघडून होजने पूर्ण भिजवा आणि सावकाश वाळू द्या. सुती धागे फुगतात आणि शिवणीच्या भोकांभोवती घट्ट होतात. काही कापडांना हे दोनदा करावं लागतं. पॉलिस्टरला याचा उपयोग नाही, त्याच्या शिवणींना सीम सीलर (भोकं बुजवणारं द्रव) लावा. पहिली रात्र घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर काढा. काय राहिलं आणि काय उगीच आणलं हे त्या एका रात्रीत समजतं, आणि सोबत नेलेल्या सामानातलं बरंचसं दुसऱ्या खेपेला घरीच राहतं.

पावसात तंबू ओलाच गुंडाळून निघावं लागणं अटळ आहे. मात्र घरी पोचल्यावर कितीही दमला असाल, तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तो उघडा. कापड, गादी, गादीखालची फळी, झिपांच्या घड्या, सगळं हाताला कोरडं लागेपर्यंत बंद करू नका. मग झिपांना मेण चोळा, हबमध्ये ग्रीस भरा, टायर जमिनीवरून उचलून स्टँडवर घ्या आणि बॅटरी काढून घरात ठेवा.